पारसनीस सरांचे कान

“कोणी विश्वास ठेवणार नाही, तूही ठेवू नकोस,” मी ऋजुताला म्हणालो, “पण चांगल्या धडधाकट कानांच्या एका प्रोफेसराला मी एकदा बहिरा केला होता. औषध नाही, ऑपरेशन नाही. नुसत्या तोंडानं.”

ऋजुता माझी नात, मुलीची मुलगी. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोमवारी तिची मेडिसिनची प्रॅक्टिकल होती आणि शुक्रवारीच ती हॉस्टेल सोडून बॅगेसकट आमच्याकडे येऊन बसली होती. लेखी पेपर झाले होते, चांगले गेले होते. पण पेशंटच्या कॉटशेजारी परीक्षक येऊन उभे राहिले की आपल्याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही, तेव्हा आपण जाणारच नाही, असं तिचं म्हणणं होतं. तिच्या आईनं मला फोन केला. म्हणाली, “आबा, तुमच्या थापा आजवर कुणाच्या उपयोगी पडल्या नाहीत. एकदा पडू द्या.”

म्हणून शनिवारी जेवणं झाल्यावर मी खुर्ची ओढून नातीसमोर बसलो. माझी बायको कुमुद शेजारी कडवे वाल सोलत होती. कुमुदही डॉक्टर, माझ्याच वर्गातली. त्यामुळे कॉलेजच्या गोष्टी सांगताना मला जरा अंतर मोजून उडी मारावी लागते.

“हणमंत लोमटेची सांगतोयस?” तिनं विचारलं.

“हो.”

“सांग,” ती म्हणाली आणि परात मांडीवर ओढून घेतली.

हणमंत लोमटे आमच्या एक वर्ष पुढं होता, तो मागे राहून आमच्यात आला होता. उस्मानाबादकडचा. सव्वासहा फूट उंच, आणि मिशी अशी की डिसेक्शन हॉलमधली प्रेतंसुद्धा उठून नमस्कार करतील.

“साडेपाच फूट,” कुमुद म्हणाली. “मिशी मात्र होती.”

असेल साडेपाच. पण डोकं सव्वासहा फुटांचं. हृदयाचे आवाज मला कळत नव्हते तेव्हा हणमंत ते मेसच्या टेबलावर बोटांनी वाजवून दाखवायचा. हा निरोगी माणसाचा, हा झडप गळणाऱ्याचा, हा झडप आकसलेल्याचा. मी मग तोच ठेका मांडीवर वाजवत झोपायचो. मी पुढं जे काही हृदयाचं ऐकलं ते त्या टेबलावर शिकलेलं.

एवढा हुशार माणूस मेडिसिनला सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा नापास झाला होता, कारण परीक्षक समोर आले की त्याचा आवाज जायचा. ओठ हलायचे, उत्तर बरोबर असायचं, पण ते फार तर त्याच्या एप्रनच्या वरच्या बटणाला ऐकू जायचं. परीक्षकाला वाटायचं, याला काही येत नाही म्हणून पुटपुटतोय. या खेपेला झालं नाही तर गावी परत ये, असा वडिलांचा निरोप होता. तालुक्याच्या शाळेत शास्त्र शिकवायला मास्तर हवा होता, आणि वडिलांनी तिथं बोलणीसुद्धा करून ठेवली होती.

“म्हणजे लास्ट चान्स,” ऋजुता म्हणाली.

“शेवटचा.”

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही मेसमध्ये जेवत होतो. हणमंतनं भाकरीचा एक तुकडा मोडला होता आणि तोच आमटीत बुडवून बाहेर काढत होता.

“ओगले,” त्यानं मला विचारलं, “बाहेरचा परीक्षक कोण येतोय, कळलं का?”

मला कळलं होतं. नागपूरचे डॉक्टर पारसनीस. सकाळी डीनच्या ऑफिसबाहेर मी त्यांना पाहिलं होतं. कुणाशी तरी बोलत होते आणि ऐकताना मान एका बाजूला कलती करत होते. त्या गृहस्थांबद्दल मला एवढीच माहिती होती. बाकीची तिथल्या तिथं तयार झाली.

“पारसनीस,” मी म्हणालो. “माणूस देव आहे. पण बहिरा.”

“बहिरा?”

“ठार. मेळघाटात शिकारीला गेले होते. मित्राची बंदूक कानाशी उडाली. वाघ सुखरूप घरी गेला, सरांचे कान तिथंच राहिले.”

“मग मेडिसिन कसं शिकवतो? स्टेथो कशाला लावतो?”

हुशार माणसाला थाप मारायची तर ती अशी अडते. पण अडली की मला जास्त सुचतं. “लावतात नुसता, लोकांना बरं वाटावं म्हणून. खरं काम तळहातानं. छातीवर हात ठेवला की थरथरीवरून झडप ओळखतात. म्हणून तर एवढं नाव आहे.”

टेबलावर आणखी चौघं होती. एकानं तोंडात भात कोंबला. दुसरा वाकून काहीतरी शोधायला लागला. मला आणखी चेव आला.

“दुसऱ्याचं बोलणं ते ओठांवरून वाचतात,” मी म्हणालो, “पण तुझ्या मिशीखाली ओठ कुठले दिसायला? तुला खड्या आवाजातच बोलावं लागणार. हळू बोललास तर त्यांना वाटतं पोरगा आपल्या बहिरेपणाची टिंगल करतोय, आणि मग गेलास.”

“ओरडलं तर राग नाही यायचा?”

“आनंद होतो त्यांना. चार शब्द कानात शिरतात बिचाऱ्यांच्या.”

हणमंतनं तुकडा आमटीतून बाहेर काढला. मग म्हणाला, “हे बरंच झालं की रे. मला कायम वाटायचं, समोरचा माणूस माझी चूक ऐकायलाच बसलाय. ह्याला तर ऐकूच येत नाही.” आणि तो तुकडा त्यानं तोंडात टाकला. मग आणखी दोन भाकरी खाल्ल्या. त्या आठवड्यात त्याला पोटभर जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

“आबा, ही तर प्लासिबो,” ऋजुता म्हणाली. ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि आता तिच्या तोंडावर थोडं हसू आलं होतं. “साखरेची गोळी.”

“अगदी. माझी पहिली प्रॅक्टिस.”

“ती चौघं कशाला हसत होती, हे तुझ्या आजोबांनी कधी सांगितलेलं नाही,” कुमुद वालाचं साल नखानं काढत म्हणाली. “साखरेच्या गोळीला कोणी हसत नाही.”

मी पुढं गेलो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी हॉस्टेलच्या नळावर गेलो तर तिथं एक अनोळखी माणूस तोंड धूत होता. वळला तेव्हा कळलं, हणमंत. वरचा ओठ कोवळा, पांढरट, लहान मुलासारखा.

“मिशी कुठं गेली?”

“ओठ दिसायला पाहिजेत म्हणालास ना,” तो म्हणाला. “ऐकू नाही गेलं तर दिसंल तरी. दोन्हीकडनं सोय.” मग त्या ओठावरून बोट फिरवत म्हणाला, “आमच्यात बाप असताना मिशी काढत नाहीत. आईनं पाहिलं तर सुतक धरून बसंल. पण पास झालो की सांगंन, आणि तवर वाढंल.”

माझ्या खांद्यावर टॉवेल होता, हातात दात घासायचा ब्रश होता. नळावर आम्ही दोघंच होतो.

“शोभतंय तुला,” मी म्हणालो.

आमच्याकडे आधी वॉर्डातल्या केसेस असायच्या आणि जेवणाच्या सुट्टीनंतर व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा. केसेससाठी वॉर्डाचं दार लावून एकेकाला नावानं आत बोलवायचे. बाकीचे बाहेर बाकावर. हणमंतचा नंबर आधी, त्यामागे माझा, माझ्यामागे कुमुदचा. दारापाशी जमिनीवर एक बाई बसली होती, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. तिचा नवरा आतल्या पेशंटांपैकी एक.

“आमच्या मालकांना परीक्षेला निवडलंय,” ती आम्हाला म्हणाली. “सिस्टर म्हणाल्या, सगळ्या वॉर्डात ह्यांची केस चांगली. सगळ्यांना नाही घेत म्हणं.”

“नाही, सगळ्यांना नाही घेत,” कुमुद तिला म्हणाली.

हणमंतचं नाव पुकारलं. तो गेला, दार लागलं. पहिल्यांदा आतून काही ऐकू आलं नाही. पारसनीस सरांनी काहीतरी विचारलं असावं. मग हणमंतचा आवाज आला, आणि तो बंद दारातून असा आला की बाकाच्या टोकाला बसलेला मुलगा उभाच राहिला.

“वडील ठणठणीत आहेत, सर.”

सरांनी त्याचा तो भादरलेला ओठ पाहून घरी काही झालं का असं विचारलं होतं. बाकावर आम्ही एकमेकांच्या खांद्यांत तोंडं खुपसली. मग केस सुरू झाली. नाव, वय, गाव, दम किती दिवसांपासून लागतो, पायांवर सूज कधी आली. सगळं इंग्रजीत, लष्करी कवायतीच्या आवाजात. झडपेतला तो फुसफुसाट, मर्मर, कुठं ऐकू येतो, कसा येतो, कुशीवर वळवल्यावर कसा वाढतो. छपरावरची कबुतरं उडून समोरच्या टीबी वॉर्डावर जाऊन बसली.

“कबुतरं नव्हती,” कुमुद म्हणाली.

“मग काय उडालं होतं?”

“काही उडालं नव्हतं. तू हसत होतास. तोंडात रुमाल धरून.”

आत कोणीतरी त्याला आवाज कमी कर म्हणून हात केला असणार. त्याला वाटलं, बहिऱ्याला अजून ऐकू येत नाही. तो आणखी चढला. आणि मग पारसनीस सरांनी, चांगले परीक्षक विचारतात तसं, शेवटी विचारलं, की समज, मी या पेशंटचा भाऊ आहे. मला इंग्रजी येत नाही. मला समजावून सांग.

हणमंतनं मराठीत सांगितलं.

“तुमच्या भावाच्या हृदयातलं एक दार आकसलंय,” तो म्हणाला. “रक्ताला पुढं जायला वाट नाही. मग ते मागं फुफ्फुसात तुंबतं, म्हणून आडवं झालं की दम लागतो. मुंबईला नेलं तर ऑपरेशन करून ते दार उघडता येतं. पण ते आधी करायला पाहिजे होतं. आता हृदय थकलंय. मी खोटी आशा लावणार नाही. ऑपरेशन झालं नाही तर एक वर्ष, फार तर दोन. घरी ज्यांना सांगायचं त्यांना सांगून ठेवा.”

इतकं सोपं, इतकं नीट मी पुढं सगळ्या प्रॅक्टिसमध्ये कुणाला समजावू शकलो नाही. बाकावर हसायचं थांबलं होतं. जमिनीवरची बाई उठून उभी राहिली होती, डबा छातीशी धरून.

“डॉक्टर,” ती मला म्हणाली, कारण मी दाराच्या सगळ्यांत जवळ होतो, “हे कुणाचं सांगायलेत?”

आत त्या वेळी एकच केस चालू होती. मला उत्तर सुचलं नाही. मला, ओगलेला. मी कुमुदकडे पाहिलं.

ऋजुताही कुमुदकडे पाहत होती. कुमुदचे हात थांबले नव्हते.

“मग?” ऋजुतानं विचारलं.

दार उघडून हणमंत बाहेर आला. घामानं निथळत होता आणि हसत होता. नेहमीच्या हळू आवाजात मला म्हणाला, “ओगले, आवाज आला रे. सर म्हणाले उत्तर फर्स्ट क्लास. आणि म्हणाले, पण एवढं ओरडू नकोस, मला चांगलं ऐकू येतं.” अजूनही हसतच होता. माझ्या तोंडाकडे पाहत होता, मी काहीतरी सांगेन म्हणून.

तेवढ्यात ती बाई पुढं झाली. “भाऊ,” ती म्हणाली, “फार तर दोन म्हणजे, दोन तरी पक्की का?”

हणमंतनं तिच्याकडे पाहिलं, मग मागे दाराकडे, मग माझ्याकडे. त्याचा हात वरच्या ओठाकडे गेला आणि तिथं काही नव्हतं. तो खाली बसला, फरशीवर, बाईही बसली. तो तिच्याशी बराच वेळ बोलला. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही, त्याचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला होता. मग उठला. एप्रन काढला, घडी घातली, बाकावर ठेवला.

“तिनं ऐकलं, ओगले,” मला म्हणाला. “आणि त्यानं पण. तो तर माझ्या हाताखालीच होता. बोलता बोलता त्याची नाडी माझ्या बोटाला लागत होती, आणि मी ओरडतच राहिलो.”

एवढं म्हणून तो अंगण ओलांडून फाटकाकडे चालायला लागला. दुपारी व्हायव्हा होती. गैरहजर म्हणजे नापास, मग केस कितीही फर्स्ट क्लास असो.

ऋजुतानं मांडीवरची उशी दोन्ही हातांनी धरली होती. तिचा चेहरा शुक्रवारी बॅग घेऊन आली तेव्हा होता तसा व्हायला लागला होता. मी या मुलीला परीक्षेला पाठवायला बसलो होतो.

“मग मी धावलो,” मी म्हणालो.

वॉर्डबॉयची सायकल भिंतीला टेकवली होती ती उचलली. ब्रेक नव्हते, पण मला थांबायचं होतं कुठं? बाजारपेठेतून, भाजीवाल्यांच्या पाट्यांमधून, एका वरातीच्या मधून, नवरदेवानं मला सलाम केला. स्टँडवर पोचलो तर त्याच्या गावाकडं जाणारी तुळजापूरची गाडी हलायला लागलेली आणि मागच्या खिडकीत हणमंत. मी सायकल टाकली, गाडीच्या पुढं उभा राहिलो, स्टेथो कानाला लावला आणि दुसरं टोक ठेवलं बॉनेटवर. ड्रायव्हर खाली उतरला. म्हणाला, “काय चाललंय?” मी म्हटलं, “बोलू नका, ऐकतोय.” मग डोळे मिटून मान हलवली आणि त्याला सांगितलं, “मास्तर, इंजिनाला मर्मर आहे. ही गाडी घाटात राहणार.” सगळी गाडी रिकामी झाली. त्यात हणमंतही उतरला.

ऋजुता हसायला लागली होती. उशी खाली पडली.

मी त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून परत आणलं. व्हायव्हाच्या खोलीत त्याला घेऊन शिरलो, पारसनीस सरांसमोर हात जोडले आणि म्हटलं, “सर, चूक याची नाही. मीच तुम्हाला बहिरं केलं.” सर माझ्याकडे पाहत राहिले. मग हात कानामागे धरून म्हणाले, “काय? मोठ्यानं बोल.”

ऋजुता आता पोट धरून हसत होती. मी थांबलो नाही. हणमंत पास झाला. नुसता नाही, मेडिसिनला पहिला. लातूरला तीन मजल्यांचं हॉस्पिटल आहे त्याचं, मिशी पुन्हा पहिल्यासारखी. त्या बाईच्या नवऱ्याचं मुंबईला ऑपरेशन झालं, नातवंडं पाहिली त्या माणसानं. हणमंत अजून म्हणतो, ओगले, तुझ्या थापेनं मला कंठ फुटला. तेव्हा पोरी, परीक्षक म्हणजे काय, समोर बसलेला एक माणूस. तू त्याला मनातल्या मनात बहिरा कर आणि बोल.

ऋजुतानं डोळे पुसले. “उद्या संध्याकाळी किती वाजता गाडी आहे?” तिनं विचारलं. तिच्या आईला फोन करायला मी हातात मोबाईलसुद्धा घेतला. मग ती म्हणाली, “पण आबा, तुमचा नंबर त्याच्या मागचा होता ना? तुम्ही स्टँडवर गेलात तेव्हा तुमचं नाव पुकारलं असेल.”

“पुकारलं ना,” मी म्हणालो. “पण पारसनीस सर देवमाणूस. त्यांनी मला शेवटी घेतलं. म्हणाले, ओगले आला की...”

“नाही घेतलं शेवटी,” कुमुद म्हणाली. तिनं परात खाली ठेवली होती. “पोरगी परीक्षेला जावी म्हणून पुन्हा गोष्ट रचू नकोस, अनंता. हणमंत फाटकापर्यंत पोचलासुद्धा नव्हता तेव्हा तुझं नाव पुकारलं आणि तू आत गेलास. तुझ्यामागून मी गेले. नंतर आपण कँटीनमध्ये जेवलो. स्टँड कँटीनच्या मागेच होता, तुळजापूरच्या गाडीचं नाव घेऊन ओरडत होते ते आपल्याला ऐकू येत होतं. आणि आपण दोघं जेवता जेवता व्हायव्हाला काय काय विचारतील ते एकमेकांना सांगत होतो.”